विश्लेषण : कर्करोगाची ‘स्टेज’ ठरवणारी ‘ए, बी, सी’ आली कुठून? कोण होते डॉ. कथबर्ट ड्यूक्स?

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग असल्याचे कळले की रुग्णाच्या घरचे डॉक्टरांना विचारतात, स्टेज कितवी? आज या प्रश्नाचे उत्तर ठरलेल्या पद्धतीने देता येते. शंभर वर्षांपूर्वी ते देता येत नव्हते. ही पद्धत घालून देण्यात लंडनमधील एका छोट्या रुग्णालयाचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांचा मोठा वाटा आहे. ते सर्जन नव्हते. सर्जननी काढून दिलेली आतडी त्यांनी ३४ वर्षे तपासली, त्यांची नोंद ठेवली आणि ते रुग्ण पुढे किती जगले याचा माग काढला. त्यातून हाती आलेल्या उत्तराने कर्करोगाची शस्त्रक्रिया बदलली आणि लक्षणे दिसण्याआधीच तपासणी करण्याच्या विचारालाही बळ मिळाले.

कथबर्ट ड्यूक्स कोण होते?

कथबर्ट एस्क्वायर ड्यूक्स यांचा जन्म २१ जुलै १८९० रोजी इंग्लंडमध्ये झाला. ‘एस्क्वायर’ ही इंग्लंडमध्ये नावापुढे लावायची आदराची उपाधी, पण ड्यूक्स यांचे ते खरोखरचे मधले नाव होते. वडील एडविन ड्यूक्स हे धर्मोपदेशक. त्यांनी काही वर्षे चीनमध्ये मिशनरी म्हणून काम केले होते.

या घरातील भावंडांनी अगदी वेगवेगळ्या वाटा धरल्या. थोरले अ‍ॅश्ली ड्यूक्स नाटककार झाले. लंडनमध्ये बॅले रुजवणाऱ्या मारी रँबर्ट या त्यांच्या पत्नी. दुसरे भाऊ पॉल ड्यूक्स हे रशियन क्रांतीनंतर वेश बदलून पेट्रोग्राडमध्ये वावरणारे ब्रिटिश गुप्तहेर. त्यांना १९२० मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि उत्तरायुष्यात त्यांनी पाश्चात्त्य वाचकांसाठी योगावर पुस्तक लिहिले. या दोघांच्या तुलनेत कथबर्ट यांचे आयुष्य प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकापाशी गेले.

त्यांनी एडिंबरा विद्यापीठातून १९१४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते लष्करी डॉक्टर म्हणून सेवेत गेले. युद्धानंतर ते जीवाणूशास्त्राकडे वळले. अँटिसेप्टिक शस्त्रक्रियेचे जनक लॉर्ड लिस्टर यांचे चरित्रही त्यांनी १९२४ मध्ये लिहिले. त्याआधी १९२२ मध्ये ते लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात पहिले पॅथॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाले होते.

सेंट मार्क्स रुग्णालय वेगळे का होते?

फ्रेडरिक सॅमन या सर्जननी १८३५ मध्ये अवघ्या सात खाटांवर हे रुग्णालय सुरू केले. भगंदर आणि गुदद्वाराच्या इतर आजारांनी त्रासलेल्या गरिबांवर येथे उपचार व्हायचे. प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्यावरही सॅमन यांनीच १८४१ मध्ये भगंदराची शस्त्रक्रिया केली होती. पुढे २५ एप्रिल १८५४ रोजी, म्हणजे सेंट मार्क यांच्या दिवशी, नवी इमारत सुरू झाली आणि रुग्णालयाला हे नाव मिळाले.

ज्या आजारांबद्दल माणूस घरातही बोलत नाही, त्याच आजारांना वाहिलेले हे रुग्णालय होते. त्यामुळे गुदाशयाच्या कर्करोगाचे रुग्णही येथे मोठ्या संख्येने येत. एकाच आजाराचे इतके रुग्ण एका छताखाली, तेच सर्जन आणि तीच प्रयोगशाळा. ड्यूक्स यांच्या कामासाठी याहून योग्य जागा मिळणे कठीण होते.

त्या काळी शस्त्रक्रियेची स्थिती काय होती?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुदाशयाची गाठ सहसा खालच्या बाजूने, म्हणजे गुदद्वाराकडून शस्त्रक्रिया करून काढली जाई. पोट उघडले जात नसे. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचत, पण कर्करोग परत येई. लंडनचेच सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी आपल्या अशा ५७ रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा ५४ जणांमध्ये आजार परतल्याचे दिसले.

माइल्स यांचे म्हणणे होते, की कर्करोग गुदाशयातून वर, बाजूला आणि खाली अशा तिन्ही दिशांना पसरतो. म्हणून १९०८ मध्ये त्यांनी पोटातून आणि खालून अशी दोन्हीकडून करायची मोठी शस्त्रक्रिया मांडली. तिच्यात गुदाशय, गुदद्वार आणि आजूबाजूच्या लिम्फ नोड्स म्हणजे लसिका ग्रंथी काढल्या जात. रुग्णाला शौचासाठी पोटावर कायमचा मार्ग, म्हणजे कोलोस्टोमी, करून द्यावी लागे. माइल्स यांच्या पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ जण शस्त्रक्रियेनंतर दगावले.

सर्जन मंडळींपुढे पेच होता. छोटी शस्त्रक्रिया करावी तर आजार परततो, मोठी करावी तर रुग्णाच्या जिवावर बेतते. कोणती पद्धत बरी, हे ठरवायला मोजमापही नव्हते. एखाद्या सर्जनचे रुग्ण जास्त जगले, तर ते त्याच्या कौशल्यामुळे की त्याच्याकडे सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्ण आले म्हणून, हे सांगता येत नसे. ड्यूक्स यांनी नेमके हे मोजमाप तयार केले.

‘ए, बी, सी’ म्हणजे नेमके काय?

सेंट मार्क्सचे ज्येष्ठ सर्जन पर्सी लॉकहार्ट-ममरी यांनी १९२० च्या दशकात आपल्या रुग्णांची ए, बी, सी अशा तीन गटांत विभागणी केली होती. ड्यूक्स यांनी ती कल्पना घेतली आणि तिला प्रयोगशाळेतील पुराव्याचा आधार दिला. शस्त्रक्रियेत काढलेले आतडे त्यांच्याकडे आले की ते उघडून गाठ किती खोल गेली आहे हे पाहिले जाई. मग सभोवतालच्या चरबीतून लसिका ग्रंथी एकेक करून शोधल्या जात. कोणती ग्रंथी कुठे होती याचे रेखाटन करून प्रत्येक ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाई. काम वेळखाऊ आणि चिकाटीचे होते.

या कामात त्यांना साथ मिळाली ती एच. जे. आर. बसी यांची. बसी १९२४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले होते. रुग्णांच्या नोंदी आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांची शिस्त त्यांनी सांभाळली.

ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये आपले वर्गीकरण प्रसिद्ध केले. ते असे :

ए – कर्करोग आतड्याच्या भिंतीपुरताच मर्यादित आहे.

बी – तो भिंत ओलांडून बाहेरच्या पेशीजालात गेला आहे, पण लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला नाही.

सी – तो लसिका ग्रंथींमध्ये पोहोचला आहे.

घराच्या भिंतीतील ओलीचे उदाहरण घेतले तर हे पटकन समजते. ओल भिंतीतच असेल तर ‘ए’, भिंतीतून आरपार पलीकडे गेली तर ‘बी’ आणि ते पाणी बाहेरच्या गटारात उतरून पुढे वाहू लागले तर ‘सी’. लसिका वाहिन्या हे शरीरातील असेच जाळे आहे. कर्करोगाच्या पेशी एकदा त्यात शिरल्या की पुढे दूर जाऊ शकतात.

त्या काळी गाठीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती ‘बिघडलेल्या’ दिसतात यावरून गाठीची श्रेणी ठरवण्याची पद्धतही होती. ड्यूक्स यांनी तीही वापरून पाहिली. मात्र रुग्णाचे भवितव्य सांगण्यात गाठ किती दूर पसरली आहे हा निकष अधिक उपयोगी ठरला.

आकड्यांनी काय सांगितले?

वर्गीकरण कागदावर सोपे दिसते. ते खरे की खोटे हे ठरते रुग्णांच्या आयुष्यावरून. ड्यूक्स आणि बसी यांनी १९५८ मध्ये दोन हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. इतर कारणांनी होणारे मृत्यू वेगळे काढल्यावर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण असे होते : ‘ए’ गटात सुमारे ९८ टक्के, ‘बी’ गटात सुमारे ७८ टक्के आणि ‘सी’ गटात सुमारे ३२ टक्के.

एकच आजार, एकच रुग्णालय, त्याच प्रकारची शस्त्रक्रिया. तरी एका गटात जवळपास सगळे वाचतात आणि दुसऱ्या गटात तिघांपैकी एक. फरक फक्त रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला तेव्हा आजार कुठवर पोहोचला होता, याचा.

याच नोंदींतील आणखी एक गोष्ट अस्वस्थ करणारी होती. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे ‘सी’ गटात मोडत होते. सर्जनचा हात कितीही सफाईदार असला तरी निम्म्या रुग्णांच्या बाबतीत उशीर आधीच झालेला होता.

शस्त्रक्रियेत काय बदल झाला?

लसिका ग्रंथींच्या रेखाटनांतून ड्यूक्स यांच्या लक्षात आले, की गुदाशयाचा कर्करोग प्रामुख्याने वरच्या दिशेने पसरतो. खालच्या बाजूला तो क्वचितच जातो आणि गेला तरी बहुधा आजार बराच पुढे गेल्यावर. माइल्स यांच्या तीन दिशांपैकी एक दिशा अशी मागे पडली.

रुग्णांच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. कर्करोग खाली पसरत नसेल, तर गाठ वरच्या भागात असताना गुदद्वार काढून टाकण्याची गरज नाही. गाठीचा भाग काढून आतड्याची दोन टोके पुन्हा जोडता येतात आणि पोटावरचा कायमचा मार्ग टळतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनी १९४८ मध्ये अशा शस्त्रक्रियांचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर गुदद्वार वाचवणारी ही पद्धत जगभर रुळली.

कर्करोगाच्या आधी काय असते?

ड्यूक्स यांचे दुसरे मोठे काम ‘ए’च्याही आधीच्या अवस्थेबद्दल होते. काढलेल्या आतड्यांमध्ये कर्करोगाच्या गाठीच्या आसपास त्यांना अनेकदा लहान, साध्या गाठी दिसत. त्यांना पॉलिप म्हणतात. काही पॉलिपमध्ये एका कोपऱ्यात कर्करोग सुरू झालेला आढळे. आतड्यातील साध्या गाठींचे कर्करोगाशी असलेले नाते त्यांनी १९२६ मध्येच शोधनिबंधातून मांडले.

या प्रकारच्या पॉलिपमधून कर्करोग वाढतो आणि त्याला सहसा वर्षे लागतात, ही समज त्यातून पुढे पक्की होत गेली. ड्यूक्स १९५६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या बेसिल मॉर्सन यांनी हा विचार आणखी पुढे नेला. आज कोलोनोस्कोपी करताना पॉलिप दिसला की तो लगेच काढून टाकतात, त्यामागे हेच कारण आहे. मात्र कोलोनोस्कोपीतून पॉलिप काढण्याचे तंत्र १९६९ मध्ये आले. ड्यूक्स नोकरीत होते तोवर पोट न उघडता संपूर्ण मोठे आतडे आतून पाहण्याची सोयच नव्हती.

कुटुंबांची नोंदवही कशासाठी?

काही घरांमध्ये तरुण वयातच आतड्यात शेकडो पॉलिप होतात. या आजाराला फॅमिलियल पॉलिपोसिस म्हणतात. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते आणि उपचार न केल्यास कर्करोग जवळपास अटळ असतो. लॉकहार्ट-ममरी यांनी १९२५ मध्ये अशा तीन कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास सेंट मार्क्समध्ये अशा कुटुंबांची नोंदवही सुरू झाली. ती ड्यूक्स आणि बसी यांनी वाढवली.

काम असे चाले. एक रुग्ण सापडला की त्याची वंशावळ तयार करायची. भावंडे, मुले, चुलत नातलग यांच्यापर्यंत पोहोचायचे आणि त्रास नसला तरी तपासणीला या, असे सांगायचे. यातून एक स्पष्ट फरक दिसला. लक्षणे घेऊन स्वतःहून आलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना निदानाच्या वेळीच कर्करोग झालेला असे. नोंदवहीमुळे बोलावून तपासलेल्या नातलगांमध्ये हे प्रमाण खूपच कमी होते. मोठे आतडे वेळीच काढून त्यांना कर्करोगापासून वाचवता येई.

म्हणजे निरोगी वाटणाऱ्या माणसाला तपासून कर्करोग रोखता येतो, हे या कुटुंबांनी दाखवून दिले. पुढे बसी यांनी याच विषयावर पीएच.डी. मिळवली आणि १९७५ मध्ये पुस्तक लिहिले. या आजाराचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असल्याचे १९८७ मध्ये कळले आणि १९९१ मध्ये ते नेमके सापडले. त्या शोधातही सेंट मार्क्सने जपलेल्या कुटुंबांच्या नोंदी कामी आल्या.

ड्यूक्स पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

ड्यूक्स यांची विभागणी काढलेल्या आतड्यावर आधारित होती. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी ती ठरवता येत नसे. यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेल्या आजाराला तिच्यात अक्षर नव्हते. ‘डी’ हा गट इतरांनी नंतर जोडला.

दुसरी अडचण लोकप्रियतेतून आली. अमेरिकेत १९४९ आणि १९५४ मध्ये या पद्धतीच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यांत तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने वापरली गेली. एका रुग्णालयातील ‘बी’ आणि दुसऱ्या रुग्णालयातील ‘बी’ यांत फरक पडू लागला. हा गोंधळ टाळण्यासाठी आता जगभर ‘टीएनएम’ पद्धत वापरली जाते. ‘टी’ म्हणजे गाठ किती खोल, ‘एन’ म्हणजे लसिका ग्रंथींत किती आणि ‘एम’ म्हणजे दूरच्या अवयवात पसरली का. त्यावरून पहिली ते चौथी स्टेज ठरते.

नाव बदलले तरी गाभा तोच राहिला. ढोबळमानाने ड्यूक्स ‘ए’ म्हणजे पहिली स्टेज, ‘बी’ म्हणजे दुसरी आणि ‘सी’ म्हणजे तिसरी. लसिका ग्रंथींत आजार आहे की नाही, ही सीमारेषा आजही उपचार ठरवते. ग्रंथींपर्यंत पोहोचलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर औषधे दिल्यास मृत्यू कमी होतात, हे अमेरिकेतील अभ्यासातून १९९० मध्ये सिद्ध झाले. तेव्हापासून अशा रुग्णांना केमोथेरपी सुचवली जाते.

स्क्रीनिंगपर्यंतचा प्रवास कसा झाला?

‘सी’पेक्षा ‘ए’ बरा, तर मग सगळ्यांनाच लवकर तपासावे, हा विचार सरळ वाटतो. पण त्यात एक फसगत आहे. आजार दोन वर्षे आधी सापडला आणि मृत्यू मात्र ठरलेल्या वेळीच आला, तरी कागदावर रुग्ण दोन वर्षे जास्त जगल्यासारखा दिसतो. म्हणून स्क्रीनिंगचा खरा फायदा मोजण्यासाठी लोकांचे दोन गट करून, एका गटाची तपासणी करून, दोन्ही गटांतील मृत्यू मोजावे लागतात.

असे अभ्यास १९७० आणि १९८० च्या दशकांत सुरू झाले. शौचातील न दिसणारे रक्त शोधणारी साधी चाचणी दरवर्षी केल्यास आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होतात, असे अमेरिकेतील मिनेसोटाच्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवले. चाचणी दोन वर्षांतून एकदा केल्यास ही घट सुमारे १५ टक्के असल्याचे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या अभ्यासात १९९६ मध्ये दिसले. त्यानंतर इंग्लंडमध्ये २००६ पासून राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम सुरू झाला.

सेंट मार्क्सशी जोडलेल्या संशोधक वेंडी अ‍ॅटकिन यांनी एक पाऊल पुढे टाकले. ५५ ते ६४ वयात एकदाच दुर्बिणीने आतड्याचा खालचा भाग पाहून पॉलिप काढले तर काय होते, हे त्यांनी सुमारे १ लाख ७० हजार लोकांच्या अभ्यासात तपासले. ज्यांना ही तपासणी देऊ करण्यात आली, त्या गटात नवे कर्करोग २३ टक्क्यांनी आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ड्यूक्स यांनी १९२६ मध्ये पॉलिपबद्दल जे मांडले होते, त्याचा पडताळा ८४ वर्षांनी असा लोकसंख्येच्या पातळीवर मिळाला.

ड्यूक्स यांना हे पाहता आले नाही. ३ फेब्रुवारी १९७७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी आढळतो. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा समावेश आहे, आतड्याच्या नाही. त्यामुळे आपल्याकडे लवकर निदान बहुतांशी रुग्णाने लक्षण कधी मनावर घेतले यावरच अवलंबून राहते.

शौचातून रक्त पडले की आपल्याकडे पहिला अंदाज असतो तो मूळव्याधीचा. बहुतेकदा तो बरोबरही असतो. पण मलम, चूर्ण आणि घरगुती उपाय यांत काही महिने गेले, तर कारण वेगळे असणाऱ्या मोजक्या लोकांसाठी ते महिने महाग पडू शकतात. रक्त वारंवार पडत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी आले असेल, तर डॉक्टरांकडून तपासून घेणे योग्य. घरात कुणाला कमी वयात आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टरांना तसे सांगायला हवे.

शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते : किती लसिका ग्रंथी तपासल्या आणि त्यांतील किती बाधित निघाल्या. डॉक्टर ती ओळ सर्वांत आधी का वाचतात, याचे उत्तर ड्यूक्स आणि बसी यांनी ग्रंथी एकेक करून मोजलेल्या त्या नोंदींमध्ये आहे.